कपाटात मावणारा रेंच आणि विटांवरची व्हॅन

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
पर्यायी रोजगार प्रशिक्षण योजना,
अमरावती.

अर्जदार : सौ. नसीमबानो अब्दुल सत्तार, बी.ए., धंदा शाळकरी मुलींची व्हॅन चालविणे, रा. जुने शहर, अकोला.

विषय : बॅटरीवरील लहान इम्पॅक्ट रेंचची निवड तातडीने करणे व निवडीपायी उतरलेली चाके अर्जदाराच्या व्हॅनला परत बसविणेबाबत.

संदर्भ : केंद्रप्रमुख, अकोला यांचे तोंडी उत्तर, "पाहून राहिलो."

महोदय,

१. वऱ्हाडात शेतीचे दिवस फिरल्यापासून शेतकऱ्यांच्या मुलांना मोटार दुरुस्ती शिकवावी म्हणून आपल्या योजनेने अकोल्यात केंद्र काढले. केंद्रासाठी चाकाचे नट सोडविणारा, बॅटरीवर चालणारा व आकाराने लहान असा इम्पॅक्ट रेंच घेण्याचे ठरले. तीन कंपन्यांनी नमुने आणले. चाचणीला गाडी हवी होती. केंद्राच्या जीपचा नट सोडण्यास अमरावतीची परवानगी लागते, अर्जदाराच्या व्हॅनचा सोडण्यास लागत नाही. अर्जदार शाळा सुटेपर्यंत व्हॅन केंद्राच्या गेटाशी निंबाखाली उभी करते. केंद्रप्रमुख श्री. बापूसाहेब उमाळकर तेथे येऊन म्हणाले, "ताई, पाच मिनिटं गाडी द्या. गाडीले काही होत नाही." अर्जदाराने दिली. यास पंधरवडा झाला.

२. पहिल्या रेंचने मागचे डावे चाक असे झटक्यात उतरविले की सर्वांनी टाळ्या वाजविल्या. अर्जदारानेही वाजविल्या. परंतु 'लहान' म्हणजे केवढा, हे निवडीच्या आदेशात नव्हते. ते भांडारपाल इंदूबाई यांनी ठरविले : कपाटाच्या ज्या खणाला कुलूप आहे, त्यात मावेल तो लहान. पहिला मावला नाही. दुसऱ्याने मागचे उजवे चाक काढले. तो मावला, पण बॅटरी काढूनच. आणि सुटी बॅटरी विजेच्या सामानात मोडते, ज्याच्या खोलीची किल्ली लिपिकाबरोबर रजेवर आहे. तिसरा खणात सुखाने निजला. मात्र पुढच्या डाव्या चाकाशी तो नुसता घरघरला. अखेर तो जवळ धरून ठेवून प्रशिक्षक श्री. मोहसीन यांनी साध्या पान्यावर उभे राहून नट सोडविले. अहवालात "नट यंत्राच्या उपस्थितीत सुटले" अशी नोंद आहे.

३. अर्जदाराने चाके बसवून मागितली, तेव्हा तेथील बाबू म्हणाले, "बाई, सोडाचं मंजूर हाय. आवळाचं कोठी लिवलं हाय?" आदेशात खरोखरच नट 'सोडविणे' एवढेच आहे. अर्जदार स्वतः आवळण्यास तयार आहे. परंतु नट चाचणीचा पुरावा म्हणून पिशवीत लाखेने बंद केले असून निवड होईस्तोवर पिशवी उघडता येत नाही. आणि निवड होत नाही. मोहसीन पहिल्या रेंचसाठी अडून आहेत : "खणात ठेवाले घेता का चाकाले लावाले?" इंदूबाई तिसऱ्यासाठी : "चोरी गेला तं तू भरशील काय?" दोघांचेही बरोबर आहे, आणि व्हॅन विटांवर आहे. दिलासा म्हणून केंद्रप्रमुखांनी तिची धूळ रोज पुसण्याचा लेखी आदेश काढला आहे. त्याची अंमलबजावणी उत्तम आहे.

४. येत्या मंगळवारी अर्जदाराच्या आठ मुलींची दहावीची परीक्षा सुरू होते. परीक्षेची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. एकीची आई अनसूयाबाई रोज गेटवर येऊन विचारतात, "गाडी निंगते का नाही, एक डाव सांगून टाका ना वो!" घरी यजमान एवढेच म्हणतात, "और दो साहब को गाडी!"

५. सबब विनंती की, तिन्हींपैकी कोणताही रेंच निवडावा. तिसरा निवडल्यासही हरकत नाही, त्याच्या उपस्थितीत अर्जदार नट हाताने आवळील. खणाचीच अडचण असल्यास अर्जदार आपल्या घरचे कपाट देते, कपडे गादीवर ठेवता येतील.

६. हा अर्ज लिहिता लिहिता कळले की, आपल्याला संधी मिळाली नाही अशी चौथ्या एका कंपनीची तक्रार आल्याने तिच्या रेंचची चाचणी सोमवारी ठेवली आहे. व्हॅनला आता एकच चाक उरले आहे. अर्जदार त्याला पाठ लावून बसली आहे व चाचणी टळेपर्यंत उठणार नाही. तरी सोमवारी आपण जातीने यावे, आणि येताना आपली गाडी आणावी. चाचणी तिच्यावर घ्यावी. तशी आपली इच्छा न झाल्यास ती गाडी मंगळवारी सकाळी मोकळीच असेल. आठ मुली दाटीने बसतात, अर्जदाराला सवय आहे.

आपली नम्र,
नसीमबानो अब्दुल सत्तार
(सही चाकाशी बसून केली असल्याने वाकडी आहे.)

अकोला, शुक्रवार, दि. २६ फेब्रुवारी २०१६

सोबत : १) विटांवरील, धूळ पुसलेल्या व्हॅनचे छायाचित्र.
२) आठ मुलींच्या प्रवेशपत्रांच्या प्रती. वेळ सकाळी अकराची आहे, मुलींना साडेदहाला पोचावे लागते.