श्रीनूच्या विमानाचा धूर

१६ मार्च
ह्यांना पहाटे पुन्हा धाप. तीन उशा लावून बसवलं. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय अम्मा, आता औषधाने ओढू तेवढं ओढू. पाणी मोजून, मीठ नाही, खोली गार ठेवा.
ह्यांचं एकच. श्रीनूला बोलाव. आणि मी जे उत्तर देते ते ओरडून द्यावं लागतं. रेल्वेच्या कारखान्यात पत्रे ठोकून ठोकून कान गेले.
चि. श्रीनूने हॅम्बुर्गहून घरच्या ग्रुपवर तक्ता पाठवला. विजेची बिलं, सिलिंडर किती लागतात, हे सगळं मागे विचारत होता ते यासाठी. तीन घरं: त्याचं, सौ. सुधाचं, आमचं. कोणाच्या घरामुळे वर्षाला किती धूर होतो. कार्बन म्हणतात. वीज, गॅस, गाडी, विमान, सगळ्याचा धूर करून किलोत मांडलाय. धूर आणि किलोत!
आमचं घर सर्वांत कमी. ‘आई, तुला मेडल.’ जन्मभर ज्याला सगळे चिकटपणा म्हणत आले त्याला आता मेडल.
सुधाचं सर्वांत जास्त. जावई रोज गाडीने लांब ओरगडमला कामावर जातात ना. श्रीनूच्या रकान्यात विमानापुढे शून्य. खाली लिहिलंय, आम्ही दोघांनी विमान सोडलं.
म्हणजे?

१९ मार्च
फोन आला. विचारलंच. तुझे अप्पा वाट बघतात, विमान सोडलं तर येणार कसा?
म्हणाला, “आई, माझ्या एका फेरीत तुमच्या दोघांचं अख्खं वर्ष जातं. कसं येऊ सांग?”
मी म्हटलं, सोळा सोमवारांचं पुण्य हातावर पाणी सोडून दुसऱ्याला देता येतं. आम्ही इथे वाचवलेलं तुझ्या नावाने सोडलं तर?
खूप हसला. “असतं तसं, आई. कंपन्या करतात की. जमव तू, मग येतो!”
जमव तू, मग येतो. हेच शब्द. सून मागे काहीतरी बोलली, फोन ठेवला.

३० मार्च
पाडवा. गुढी उभारली. श्रीखंड नाही, ह्यांना चालत नाही, आणि चक्का टांगून फ्रिज चालवायचा तो कुणासाठी.
आजपासून सुरुवात. फ्रिज बंद, दूध दोनदा आणायचं. डाळ-भात एकदाच कुकरला. गीझर बंद. जिन्याखाली रोज मीटर बघायचा, गेल्या वर्षीच्या बिलाशी ताडायचा.
नंदादीप मात्र तेवत राहील. त्याचा काय धूर होईल तो माझ्या नावावर.

६ एप्रिल
रामनवमी. जन्माच्या वेळी ह्यांना खुर्चीवर बसवून पाळण्याची दोरी हातात दिली. शेवटपर्यंत सोडली नाही.
दु. विचारत होते, फ्रिज का बंद. कानाशी तोंड नेऊन सांगितलं सगळं. म्हणाले, “मग माझी गरम पाण्याची आंघोळ कशाला? ती पण धर.”
तेव्हापासून रोज सकाळी पहिला प्रश्न, किती झालं?

१४ एप्रिल
आज इथल्या तमिळ लोकांचं नवं वर्ष, पुत्तांडु. शेजारच्या मामी कैरीची मांगा पच्चडी देऊन गेल्या. ह्यांनी कैरीची एक फोड चोखली. मीटर पाहिला. कमी.
ह्यांना हुशारी आहे. पेपर वाचून दाखव म्हणाले. कित्येक महिन्यांनी.

२२ एप्रिल
सुधा आली. अजून त्या तक्त्यावर रागावलेली. “पोट भरायला जातात हे ओरगडमला, सहलीला नाही! मेट्रो जाते का तिथे? म्हणे, आम्ही शेवटचे. तिकडून त्याला काय जातंय बोलायला.” तिला आमचं काही सांगितलं नाही. फ्रिज बिघडला म्हटलं.
ती गेल्यावर बसून नीट मांडलं. तोंडी हिशेब तीनदा केला. जे वाचतं ते फार थोडं आहे. मुळातच आम्ही वापरत नाही, त्यातून काढायचं काय. चूल, दिवे, पंखे सगळं बंद करून नुसतं बसलो तरी एका फेरीला पुरतं वर्ष. आणि डॉक्टर वर्षाचं बोलत नाहीत.
संध्याकाळी ह्यांनी विचारलं, किती?
“पाव झालं,” म्हटलं.
“एवढ्यात!” दोन घास जास्त जेवले.

६ मे
कत्तिरी लागली, इथला ऐन उन्हाळा. तव्यावर बसल्यासारखं. एक एसी आहे तो ह्यांच्या खोलीत, श्रीनूनेच पैसे पाठवून लावलेला.
हे म्हणाले, “मुख्य खाणारा तर हाच. बंद कर.”
मी म्हटलं, डॉक्टर रागावतील.
“डॉक्टरच्या मुलाला यायचंय का?”
बंद केला. मी करायला नको होता. खिडकीला ओलं लुगडं बांधलं, पायांवर ओला पंचा. पाणी मोजून आहे, तोंडाला कोरड पडते, तेव्हा कापसाने ओठ ओले करते. विचारलं, किती? निम्मं म्हटलं.

११ मे
सुधा न सांगता आली, भर दुपारी. एसी बंद, अप्पा ओल्या पंचात, बघून किंचाळली. “पैत्यमा तुला, आई? वेड लागलंय?” मग सांगावं लागलं.
आधी हसली. मग रडली. मग फोन काढला.
“हे बघ. डिसेंबर. वहिनीने टाकलेत.” समुद्र, नारळाची झाडं, दोघं गॉगल लावून. कुठलंसं बेट. “तिथे काय सायकलने गेले? त्याला यायचं नाहीये, आई. कार्बन म्हणे!”
तक्त्यात विमानापुढे शून्य होतं.
मी म्हटलं, डिसेंबर मागच्या वर्षात जातो, तक्ता त्यानंतरचा असेल. सुधा उठली. एसी लावून गेली. रिमोट वर कपाटावर ठेवला, अप्पांचा हात पोचू नये म्हणून.
ह्यांना ऐकू आलं नसावं. भिंतीकडे तोंड करून होते.

१२ मे
हे स्टुलावर चढून रिमोट काढायला गेले. मग मीच एसी बंद केला. पडले असते तर.

१५ मे
इस्पितळ. काल दु. डोळे फिरवले, ओळखेनात. जावई गाडी घेऊन आले, त्याच गाडीतून नेलं. उष्म्याने, डॉक्टर म्हणाले. कोणी घरात नसतं का, विचारलं.
श्रीनूचा फोन. रडत होता. “आई, एसी दिला होता ना मी? का बंद केलास?”
काय सांगू. तू म्हणालास तसं जमवत होते, म्हटलं.
“काय जमवत होतीस?”
त्याला आठवतच नव्हतं.
सांगितल्यावर “बघतो,” म्हणाला. “रजेचं बघतो.”

२१ मे
घरी आणलं. आता करण्यासारखं काही नाही, आराम मिळू दे, डॉक्टर म्हणाले. एसी दिवसरात्र. दोन महिन्यांत वाचवलं ते या आठवड्यात निघून जाईल. मीटर बघायला खाली गेले नाही.
हे क्षीण. बोलणं ओठांवरून ओळखायचं. श्रीनूचं अजून ‘बघतो’च. सुधा म्हणते आता विचारू नकोस.

२३ मे
एकादशी. निर्जळी केली, सोडलेलं पाणी कोणाच्या नावाने ते देवाला माहीत.
दु. ह्यांनी डोळे उघडले. अगदी स्वच्छ. हाताने खूण केली, बंद आहे ना? वर एसी चालू होता. आवाज ह्यांना येत नाही.
कानाशी जाऊन म्हटलं, बंद आहे.
“मग गार कसं?”
“समुद्राचा वारा सुटलाय.”
मग, “किती झालं?”
“पुरं झालं.”
“सगळं? जायचं यायचं?”
“हो.”
हसले. दात नाहीत, तरी पूर्वीसारखे हसले. “मग कळव त्याला. नीघ म्हणावं.”
त्यांच्यासमोरच फोन घेऊन लिहिलं. ‘जमलं सगळं. नीघ.’ आजवर ह्यांच्याखेरीज कोणाला चुकीचा आकडा दिला नव्हता.
पाठवलं. अजून वाचलेलं दिसत नाही. तिकडे ऑफिसची वेळ असेल.
हे झोपले. कपाळाला हात लावून पाहिला, घाम आहे. रिमोट घेतला आणि अजून दोन अंश खाली केला.