पडवीच्या खांबावरची खाच

९ जुलै १९६१
आज पुन्हा वर! पाऊस जरा जोर धरतो न धरतो तोच मामंजींनी बोचकं बांधलं आणि सगळ्यांना डोंगरावर सातेरीच्या देवळात नेऊन बसवलं. खाडीचं पाणी अंगणातल्या तुळशीपर्यंतही आलं नव्हतं. शेजारचे लवूकाका दारातून ओरडले, "थेंब पडलो की काशीराम चललो डोंगरार!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्म दर्यावर गेला या माणसाचा, आणि अंगणातल्या पाण्याला भितो!

१० जुलै
परत घरी. कौलांवर नुसता धडधडाट, कशात मन लागत नाही. मामंजी पडवीत येरझारा घालतात आणि त्यांच्या वादळाचं पुराण सांगतात — आमचे हे जन्मायच्याही आधीचं ते वादळ. होडी गेली, जाळी गेली, दोन शेळ्या, सात माड. शेवटी खांबावरच्या खाचेवर बोट ठेवतात आणि गप्प होतात. दर वेळी तस्संच.

पाण्याची खूण ती. माझ्या कमरेला लागते. कमरेइतकं पाणी! आमच्या कणकवलीच्या नदीला दर पावसात याहून जास्त असतं. उगाच राईचा पर्वत.

११ जुलै
माझ्या शेवंतीला ताप. अंग नुसतं भाजतंय. हे तिकडे विजयदुर्गला कामावर, रस्ता बंद. मामंजी पुन्हा — "चल वर." मी सरळ सांगितलं, तापातल्या तीन वर्षांच्या पोरीला पावसात नेणार नाही. म्हणाले, "ताप उतरतलो गो. पाणी ऐकूचा नाय." मी पाठ फिरवली.

१२ जुलै, देवळात
चूल पेटवायला वळले, तेवढ्यात त्यांनी पोरीला अंथरुणातून उचललं, इरल्याखाली घेतलं आणि चालू लागले! मी मागून ओरडत. शिव्यासुद्धा दिल्या — सासऱ्याला! माझ्या मागे सासूबाई पेजेचं भांडं घेऊन. पोर भिजलीच. तिला काही झालं तर या माणसाचं तोंड बघणार नाही मी.

१३ जुलै
ताप तसाच. खाली सगळी खाडीच झालीय, आमची पडवी अर्धी पाण्यात दिसते. लवूकाकाही वर आले, चिंब. आता हसत नाहीत. म्हणाले, "असो पाऊस माझ्या बापाशीन पण बघूक नाय."

१५ जुलै
ताप उतरला! पेज मागितली तिने. मामंजी खांबाआड तोंड करून बसले होते.

१६ जुलै
खाली आलो. मागची भिंत बसलीय — शेवंतीच्या अंथरुणावर! आणि तरी जिभेला हाड नाही ते नाहीच! खांबावरची चिखलाची रेघ खाचेच्या टीचभर वर होती. मी म्हटलं, "मामंजी, यंदाच्या पाण्यानं तुमचं वादळ मागे टाकलं!" ते उठून बाहेर गेले.

१७ जुलै
सासूबाई खांब पुसत होत्या. खाचेपाशी हात थांबला. "ती पाण्याची खूण न्हय गो. पाडव्याक हिराक उभी करून ह्यांनी तिच्या उंचीची खाच मारलेली. पाणी तेच्यावर खंयपर्यंत गेला, ता कोणी बघूक नाय."

हिरा. त्यांची पहिली मुलगी, त्याच वादळात गेलेली. होडी मोजली, शेळ्या मोजल्या, माड मोजले — हे नाव पाच वर्षांत आज पहिल्यांदा ऐकलं.

पुन्हा भरून आलंय. मामंजी दारात आभाळ बघत उभे होते. त्यांनी काही म्हणायच्या आधीच मी शेवंतीला त्यांच्या कडेवर दिली.