फोनातली सवत

प्रिय नातीबाई,

दुकान दणक्यात चाललंय, हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल म्हातारी रुसली. रुसलेय, पण आनंदात रुसलेय. महिन्याचे पैसे भरा आणि घरातलं उसवलं-फाटलं सगळं शिवायला पाठवा, अशी सोय तू फोनात काढलीस, तेव्हा तुझा काका म्हणाला होता, लोक पायपुसणीसुद्धा पाठवतील. पाठवतातच. पण आता तोच सगळ्यांना सांगत फिरतो की कल्पना मूळ त्याची. गिऱ्हाईक आता फोनावरूनच काम सांगतं, दुकानात फारसं येत नाही म्हणून त्याने गल्ला काढून तिथे तिसरं मशीन टाकलंय, आणि मला बसवलंय मागे, इस्त्रीजवळ. गुडघ्यांना ऊब मिळते, ते खूश आहेत.

माझा राग आहे तिच्यावर. माझा आवाज भरून घेऊन तू फोनात जी आजी बसवलीस ना, तिच्यावर. ती खोकत नाही, भरकटत नाही, तेच दोनदा विचारलं तरी खेकसत नाही. तुझ्या आजोबांनी जन्मात आणली नाही ती सवत नातीने आणली. परवा बेकरीवाली कोट घेऊन आली. मी म्हटलं, चेन चांगली आहे, अस्तर तेवढं बदल. तर मलाच म्हणते, "थांबा हो, जरा आजींना विचारते." फोनातलीने माझ्याच आवाजात माझंच उत्तर दिलं, तेव्हा कुठे बाईंना पटलं. मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पण पोटात दुखायचं ते दुखलंच.

आणि तू म्हणे तिच्याशी रोज बोलतेस, कुठे चुकते ते बघायला. अगं, मीही पुष्कळ चुकते.

काल तुझ्या कंपनीचा माणूस आला होता. ही आजी आता दुसऱ्या दुकानांना भाड्याने द्यायची, म्हणून मायेचे शब्द हवेत म्हणाला. दिले. बाळा दिलं, राजा दिलं, 'बस जरा, दमलास' हेसुद्धा दिलं. मग म्हणाला, नातीला लाडाने काय हाक मारता, ती भरायची राहिलीय. ती दुकानांसाठी नाही, ताईंना स्वतःजवळ ठेवायचीय. का, ते मला कळलं. अडाणी असले तरी एवढं कळतं. त्याला मी ती हाक न देताच पाठवलं, ते तुझ्या कानावर आलंच असेल, म्हणून हे पत्र. मी अजून आहे गं. हाक ऐकायची असेल तर ये. जिन्यावर तुझं पाऊल वाजलं की मारते.

तुझीच, आणि फक्त तुझीच,
आजी