टाकी रिकामी करण्यास परवानगी मिळणेबाबत

बुधवार, ४ मार्च

प्रिय पिटुकले,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. तूही मजेत असशील असं धरून चालतो.

हे पत्र म्हणजे खरं तर अर्ज आहे. तुमच्या सांडपाणी केंद्राचा नियमच आहे म्हणे, बाहेरच्या गाडीला टाकी रिकामी करायची असेल तर केंद्रप्रमुखांकडे आठ दिवस आधी लेखी अर्ज करायचा. आता केंद्रप्रमुख तू आहेस, त्याला मी काय करणार? चौतीस वर्षं परीक्षा विभागात हेडक्लार्क म्हणून लोकांच्या अर्जांवर ‘त्रुटी’ लिहून ते परत पाठवले, आणि आज स्वतःचा लिहिताना घाम फुटलाय. तिसरा कागद आहे हा. फोनच करणार होतो, पण माझा फोन तू उचलत नाहीस. आईचा दर रविवारी उचलतेस, आणि ते मला ठाऊक नाही असं तुम्हा दोघींचं ठरलंय, तर तसंच राहू दे.

तुला आईनं सांगितलंच असेल, निवृत्तीनंतर मी जुनं मोटारहोम घेतलं. आत दोन पलंग, एक शेगडी, टाचणीएवढं बेसिन आणि कपाटाएवढा संडास. पहिल्या दिवशी तुझी आई आत शिरली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, “चला, एवढ्याशा घरात आता भांडून जाणार कुठे?” मी पंधरा दिवसांचा प्रवास आखला होता. नकाशावर लाल शाईनं खुणा, प्रत्येक मुक्कामाला किती तास, कुठे डोंगर बघायचा, कुठे तळं. वहीच केली होती.

ती वही चौथ्या दिवशी बाराच्या भावात गेली. कारण मी सगळं धरलं होतं, डिझेल धरलं, पाणी धरलं, पंक्चरसुद्धा धरलं, पण संडासाच्या खाली एक चाकांची टाकी असते आणि ती दोन माणसांत चार दिवसांत भरते, हे काही मी धरलं नव्हतं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, “काही नाही हो, कुठेही रिकामी होते.” कुठेही! शहरात होत असेल. इथे सगळी शेतं, मैलोन्‌मैल शेतं, मध्ये एखादा पेट्रोलपंप. पंपवाल्यानं टाकी बघितली मात्र, दोन्ही हात वर केले. पुढच्या गावातल्या वाचनालयाच्या बाई फार गोड बोलल्या, पण संडासाची किल्ली काही दिली नाही. एक शेतकरी भेटला, भला माणूस, तो म्हणाला, “एवढं काय घेऊन बसलात, ओढ्यात ओता की. कोण बघतंय?”

खोटं कशाला बोलू, मी गाडी ओढ्याकडे वळवली होती. तुझी आई दार उघडून खाली उतरली आणि गाडीच्या पुढे उभी राहिली. हातात भाजीची सुरी तशीच. म्हणाली, “पोरगी तिकडे लोकांचं पाणी शुद्ध करतेय आणि बाप इकडे ओढ्यात ओततोय. ओता. पण मग मी इथूनच परत जाते, चालत.” ती गेली असती, तुला माहीत आहे.

तेव्हापासून प्रवास टाकी ठरवते. डोंगर नाही, तळं नाही. टाकी म्हणेल ती पूर्व दिशा. शेवटी विचारत विचारत एक छोटं सांडपाणी केंद्र सापडलं, तिथे एक मिशीवाला म्हातारा ऑपरेटर. त्यानं टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला (खुशाल वास घेतला त्यानं!) आणि झाकण बंद करून म्हणाला, “ह्यात काय घातलंय?”

मी अभिमानानं सांगितलं, “फिनाईल. रोज एक बाटली.”

तू आता कपाळाला हात लावला असशील. त्यानंही लावला. मला वाटलं होतं, शाबासकी देईल. तो म्हणाला, “अहो साहेब, आमचं केंद्र यंत्रावर नाही चालत, जंतूंवर चालतं. ते बिचारे सगळ्यांची घाण खातात म्हणून पाणी स्वच्छ होतं. तुम्ही त्यांना विष पाजायला आलात.” मग त्यानं मला आत नेऊन ती गोल कुंडं दाखवली, तपकिरी पाणी खदखदत होतं, आणि तो ते इतक्या मायेनं दाखवत होता की मी रुमाल नाकाला लावला होता तो हळूच खिशात ठेवला. माझा माल त्यानं वेगळ्या पिंपात काढून घेतला, टाकी तीनदा खळखळून धुवायला लावली. मीच धुतली. हातमोजे त्यानं दिले.

भिंतीवर एक कागद होता, ‘प्रवाशांसाठी सूचना’. साधी भाषा, शेजारी पेनानं काढलेली चित्रं. मिशीवाला म्हणाला, “हे वरच्या केंद्रातल्या मॅडमचं काम. आधी लोक रात्री-अपरात्री कालव्यात ओतून पळायचे. ह्या बाईनं सातही केंद्रांना भांडून भांडून पटवलं, की दार उघडा म्हणजे लोक पळणार नाहीत.” चित्रातल्या बादलीची कडी तू लहानपणी काढायचीस तशीच वाकडी होती.

असो. मुद्द्यावर येतो. आमचा पुढचा रस्ता तुमच्या बाजूनं आहे आणि ह्या सगळ्या पट्ट्यात टाकी रिकामी करायला तुमच्या केंद्राशिवाय दुसरी जागा नाही. नाइलाज आहे. तरी दिनांक १७ रोजी परवानगी मिळावी ही विनंती. फिनाईल बंद केलं आहे. आम्ही सध्या एका गाडीतळावर थांबलोय, पत्ता पाकिटावर आहे, उत्तर तिथल्या ऑफिसात येईल.

तुझी आई बरी आहे. जरा गप्प गप्प असते, प्रवासाचा शीण असेल. मागच्या गोष्टी इथे काढत नाही, अर्जात विषयांतर बरं दिसत नाही.

आपला नम्र अर्जदार,
(आणि तुझे बाबा)

•

सोमवार, ९ मार्च

अर्जदार यांस,

आपला दिनांक ४ चा अर्ज मिळाला. मंगळवार, दिनांक १७ रोजी सकाळी साडेनऊ वाजता टाकी रिकामी करण्यास परवानगी देण्यात येत आहे. गेटवर नाव व कामाचे स्वरूप सांगावे. टाकीत जंतुनाशक नसल्याची खात्री करावी. हातमोजे स्वतःचे आणावेत.

केंद्रप्रमुख

•

गुरुवार, १२ मार्च

माझ्या पिटुकले,

तुझं परवानगीपत्र आलं. तळाच्या ऑफिसातल्या बाईनं पाकीट हातात दिलं तेव्हा मी तिच्यासमोरच फोडलं, घरी म्हणजे गाडीत येईपर्यंत दम निघाला नाही. चार ओळी. पाचव्यांदा वाचल्यावर कळलं की अजून काही सापडणार नाही.

मी वैतागलो, खोटं सांगत नाही. तुझ्या आईला म्हटलं, “बघ, बापाला ‘अर्जदार’ लिहिते.” ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्ही अर्ज पाठवलात, तिनं अर्जाला उत्तर दिलं. पत्र पाठवलं असतंत तर पत्राला दिलं असतं.”

म्हणून हे पत्र.

आधी एक सांगून टाकतो. तुमच्याशिवाय दुसरी जागा नाही, असं मी लिहिलं होतं ना, ते साफ खोटं. ह्या गाडीतळावरच अंघोळीच्या खोल्यांमागे व्यवस्थित सोय आहे, झाकण आहे, नळी आहे, भिंतीवर तुझा कागदसुद्धा आहे. आम्ही इथे आल्यापासून दोनदा टाकी रिकामी केली. आज सकाळी तिसऱ्यांदा केली. तुझं केंद्र इथून सत्तर किलोमीटर, तेही आमच्या रस्त्याच्या उलट दिशेला. एवढ्या लांब कुणी टाकी घेऊन जातं का? मला यायला काहीतरी काम हवं होतं. चौतीस वर्षं विनाकाम कुणाच्या टेबलाशी गेलो नाही, मुलीच्या दारी तसं जायला पाय उचलत नव्हता.

दुसरं. तुझी आई गप्प आहे ती शिणानं नाही. मिशीवाला तुझं कौतुक करत होता तेव्हा ती माझ्या मागे पाण्याचा कॅन घेऊन उभी होती. तो मला म्हणाला, “तुम्ही ओळखता का आमच्या मॅडमना? तुम्ही तो कागद असा बघताय म्हणून विचारलं.” आणि मी म्हणालो, “नाही हो, आम्ही कुठले ओळखणार.”

का म्हणालो? आता शपथ घालून विचारलंस तरी नीट सांगता येणार नाही. ह्या वेळी तरी लाज नव्हती गं. हातात हातमोजे होते, पायाशी माझीच टाकी होती, लाज वाटायला जागा कुठे होती? उलट इतकं भरून आलं होतं की त्या म्हाताऱ्याचे हात धरावेत असं वाटलं. पण मुलगी म्हटलं असतं तर तो पुढचं विचारणार होता. “मग कशा आहेत त्या? कधी भेटलात?” ह्याला मी काय उत्तर देणार होतो? पाच वर्षं झाली म्हणून सांगणार होतो?

तुझ्या आईनं तिथे तोंडातून ब्र काढला नाही. मला संधी देत होती बहुतेक. गाडीत बसल्यावर पट्टा लावला आणि एवढंच म्हणाली, “दुसऱ्यांदा.”

पहिली वेळ कुठली ते तुला मी सांगायला नको, पण सांगतो. मी बोललो होतो तर लिहायलाही मीच हवं. तुझ्या नोकरीचा पहिला महिना. ऑफिसातले साहेब आणि त्यांच्या घरची मंडळी दिवाणखान्यात बसली होती. तू न कळवता आलीस, कामावरून थेट, कामाच्या निळ्या कपड्यांत, बूट चिखलानं भरलेले, तोंडभर हसत. काहीतरी सांगायचं होतं तुला. मी दारातच अडवलं. म्हटलं, मागच्या नळावर हातपाय धू, कपडे बदल, मग मागच्या दारानं आत ये. आणि आत जाऊन बसलो. साहेबांनी विचारलं, “कोण होतं?” मी म्हणालो, “कुणी नाही, मीटर बघायला आली होती.”

खिडकी उघडी होती. मला वाटत राहिलं, तुला ऐकू गेलं नसेल. वर्षभर तसंच समजत राहिलो. आई मागच्या दारी गेली तेव्हा नळ ठिबकत होता आणि तू गेलेली होतीस. नंतर मी सगळ्यांना सांगत सुटलो, पोरगी हट्टी आहे, बापाशी अबोला धरून बसली. रसायनशास्त्रात पहिली आलेली पोरगी घाणीत राबते म्हणून मी चिडलोय, असंही सांगितलं. ऐकणाऱ्यांना पटायचं. मलाही पटायचं, तेच वाईट झालं.

पिटुकले, माझं चुकलं. इकडून तिकडून काही नाही, सरळ चुकलं. तू त्या दिवशी काय सांगायला आली होतीस ते मला अजून माहीत नाही. आईला माहीत असेल, पण मी तिला विचारलं नाही आणि विचारणारही नाही. तुला कधी वाटलं तर तू सांग.

तुझ्या परवानगीपत्राचा आता उपयोग नाही. टाकी कोरडी ठणठणीत आहे. तरी मंगळवारी साडेनऊला मी गेटवर येतोय, आई गाडीतच बसेल म्हणते, आधी तुम्ही जा म्हणते. तुला बाहेर यायचं नसेल तर येऊ नकोस, मी रागावणार नाही. अकरापर्यंत थांबेन आणि मग परत जाईन. पुढच्या महिन्यात पुन्हा येईन, त्यालाही तुझी हरकत असली तर तसं लिही, म्हणजे त्यापुढच्या महिन्यात येईन.

तू लिहिलंयस, गेटवर नाव आणि कामाचं स्वरूप सांगावं. गेटवरचा माणूस विचारेल. त्याला सांगेन, तुमच्या मॅडम आहेत ना आत, त्या माझी मुलगी. काम काही नाही. तिला भेटायला आलोय.

तुझे,
बाबा