येत न्हाई ते कोरं सोडायचं

३ नोव्हें. ८१, मंगळवार. सेलू

गुरुजी जिनिंगवर आले, माझ्या वजनकाट्यापाशी. चौथीपर्यंत मला शिकवलेले. बोलेपर्यंत त्यांच्या टोपीवर कापसाची भुरभुर बसली.

"दत्ता, आमच्या सुजातानं बी.कॉम. केलंय. आता मॅनेजमेंटच्या प्रवेशाची परीक्षा हाय, तेरा डिसेंबरला, औरंगाबादला. इंग्रजी तिचं ती बघायलीय. गणिताला अडलीय. येशील का शिकवायला?"

मी म्हणालो, गुरुजी, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस.

"कॉलेज सोडलंस. गणित न्हाई न्हवं सोडलंस?"

हो म्हणून बसलो. मार्चमध्ये तिला परभणीच्या गाडीत बघितलं होतं, खिडकीशी, मांडीवर पुस्तक. तेव्हापासून त्या गाडीच्या टायमाला मी स्टेशनावर चहा पितो. गुरुजींना हे कळलं असतं तर ते दुसऱ्या कुणाकडं गेले असते.

६ नोव्हें.

पहिला दिवस. गुरुजींच्या ओसरीत. गुरुजी पेपर धरून बसलेले, पान मात्र उलटत नव्हते.

फॉर्मसोबत आलेली नमुन्याची पुस्तिका. तिला गुरुजींनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय, चारी बाजूंनी खळ लावून. त्या घरात पुस्तकाला कव्हर नसलं तर गुरुजींना जेवण जात न्हाई म्हणे. प्रश्न इंग्रजीत. खाली चार उत्तरं छापलेली, एकावर खूण करायची.

साडेतीन गुणिले चोवीस मी कागदावर मांडेपर्यंत ती म्हणाली, चौऱ्याऐंशी. औटकी पाठ आहे तिला. पावकी, दिडकी, सगळं. पण टाकी आणि नळ आले की बसते. दोन नळ भरायलेत, तिसरा रिकामी करायलाय.

"खालचा नळ उघडा ठेवून टाकी कोण भरतं हो?"

मी म्हणालो, नगरपालिका.

हसली. त्यानंतरची दोन गणितं माझीच चुकली.

८ नोव्हें.

नियम सांगितला. येत नसलं तरी एक खूण ठोकून द्यायची. चारात एखादं लागतंच. गुरुजींनी पेपर खाली घेतला. "बरोबर. कोरं ठेवणारं पोरगं मास्तरचं नाव घालवतं. मी तर सांगतो, उत्तर येईना तर निदान रीत लिहा, रीतीला मार्क असतात."

रीत लिहायला इथं जागाच न्हाई. पण मुद्दा तोच.

१४ नोव्हें.

नवीनच भानगड. एक प्रश्न, खाली दोन विधानं. उत्तर काढायला एवढी माहिती पुरती का, इतकंच विचारायलेत. उत्तर नको म्हणे. मला राहवत न्हाई, मी उत्तर काढूनच थांबतो. सु. म्हणाली, "विचारलं न्हाई ते कशाला काढता?"

दिवसभर हेच डोक्यात. काट्यावर कापसाचं वजन दोनदा चुकीचं वाचलं. काट्यावरचा जोडीदार रशीदभाई म्हणाला, "मास्टर, काटा पढो, आस्मान मत पढो."

२१ नोव्हें.

सु.नं विचारलं, कॉलेज का सोडलं. मी म्हणालो, टायफॉइड झालता.

पेपरामागून गुरुजी म्हणाले, "अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या विरोधात मोर्चा निघाला, तवा हा सगळ्यात फुडं. मी शाळेच्या खिडकीतून बघत होतो. आवाज लय मोठा हाय याचा." मग म्हणाले, "फुडचं गणित घ्या."

घेतलं. आकडे उलटे उतरवले. रागानं न्हाई. मग कशानं, कळत न्हाई. नामांतर व्हावं म्हणणाऱ्यांत गुरुजींचं घर, आणि मी त्यांच्या वस्तीवरून घोषणा देत गेलेलो. त्यांना पहिल्यापासून माहीत, तरी मला बोलावलं. सु.नं वर बघितलं न्हाई.

तेव्हा परीक्षेवर बहिष्कार टाकला. नंतर सगळी पोरं परत कॉलेजात गेली. मी पलीकडच्या गावात दंगलीत जळालेली घरं बघून आलो होतो. एका घरात चुलीवर भाकरी तशीच… जाऊ दे. परत जायला तोंड नव्हतं, एवढं खरं. हे तिला सांगायला पाहिजे. टायफॉइड कशाला म्हणालो.

२२ नोव्हें.

वाटलं, आता दार बंद. गेलो. सु. वही घेऊन बसलेली. "टायफॉइड बरा झाला का?" एवढंच.

२८ नोव्हें.

घड्याळ लावून पन्नास प्रश्न सोडवले. सु. म्हणाली, अठ्ठावीस खात्रीचे, बाकी बावीस अंदाजानं ठोकले. तपासलं. खात्रीचे सगळे बरोबर, बावीसात सहा लागले. चौतीस. गुरुजींनी जिलबी आणली.

ती पास होणार. पास झाली की मुंबई का कुठं दोन वर्षं. मग परत सेलूला कशाला येईल. जिलबी गोड लागली आणि दुसरी उचलवलीही न्हाई. दोन्ही एकदम कसं होतं. मला नक्की काय पाहिजे?

१ डिसें., मंगळवार

पुस्तिका घरी आणली होती. तांब्या लवंडला, कव्हर भिजलं, खळ सुटली. खाली पुस्तिकेचं मागचं पान. बारीक इंग्रजी अक्षर, सूचना. महिनाभर कव्हराखाली झाकलेल्या.

डिक्शनरी घेऊन तीनदा वाचलं. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला अर्धा मार्क वजा. कोऱ्याला काही न्हाई.

म्हणजे चार अंदाजांत एक लागलं तर एक मिळाला आणि दीड गेला. तिचे सोळा चुकले होते, आठ गेले. चौतीस न्हाई, सव्वीस. बावीस कोरे सोडले असते तर अठ्ठावीस. मी तिला खाली ढकलायलोय.

उद्या सांगतो.

२ डिसें.

गेलो. तोंडाशी आलं होतं. सु. म्हणाली, "पास झाले तर वसतिगृहात जागा मिळती म्हणे." मग न्हाई सांगितलं. आगगाडी आणि पुलाची गणितं घेतली. पाच अंदाजानं ठोकले, तीन चुकले. शाबास म्हणालो.

शाबास म्हणालो मी.

३ डिसें.

शिकवायला गेलो न्हाई. काट्यावर एका गाडीवानाची गचांडी धरली. त्याचं चुकलं नव्हतं. रशीदभाईनं मागं ओढलं. "किसका गुस्सा किस पे उतार रहा रे?"

४ डिसें., शुक्रवार

सांगितलं. पुस्तिका पुढं ठेवली, मागचं पान उघडून. सु.नं वाचलं. तिला डिक्शनरी लागली न्हाई.

"कधी बघितलं?"

खोटं बोलता आलं असतं. म्हणालो, मंगळवारी.

"मंगळवारी. आणि परवा मला शाबास म्हणलात." आवाज चढला न्हाई तिचा. "तवा रस्त्यानं ओरडायला येत होतं तुमाला. हे सांगायला चार दिवस लागले?"

"तीन," मी म्हणालो. कशाला म्हणालो.

"उद्यापासून येऊ नका."

७ डिसें.

गुरुजी जिनिंगवर. डोळे लाल. "खळ मीच लावलती बाबा. तुझं काय चुकलं." मंगळवारचं त्यांना तिनं सांगितलेलं न्हाई. मीही न्हाई सांगितलं. हे अजून एक.

"तीस वर्षं पोरांना सांगितलं, कोरं सोडू नका. आता पोटच्या पोरीला कोरं सोड म्हणू? तोंडातून निघंना. म्हणून तू सांग."

गुरुजी, ती मला येऊ नको म्हणालीय.

"मग लिहून दे."

पावतीच्या मागं लिहिलं: चारापैकी दोन उत्तरं नक्की चूक दिसली तर ठोका, तिथं फायदा आहे. एकही कापता आलं न्हाई तर सोडा. येत न्हाई ते कोरं सोडायचं. शेवटी अजून एक ओळ लिहिली आणि खोडली. खोडलेलं वाचता येईल अशी भीती वाटून तेवढा तुकडा फाडून टाकला.

१२ डिसें.

दोघं औरंगाबादला गेले. मी चहाच्या गाड्यामागं उभा. तिच्या हातात पुस्तिका, कव्हर नसलेली. गुरुजी पाणी भरायला उतरले तर गाडी सुटेल म्हणून मलाच घाम.

ती पास व्हावी. आज तरी नक्की तेच वाटलं. उद्याचं माहीत न्हाई.

१५ डिसें.

गुरुजी मोंढ्यात भेटले. घरात कुणीतरी गेल्यासारखं तोंड. "गणितात सतरा कोरे सोडून आली रे. सतरा. आन् वर हसत होती."

निकाल जानेवारीत, टपालानं.

१९ डिसें., शनिवार

सु.नं गुरुजींकरवी निरोप धाडला, वह्या घेऊन जा. गेलो. गुरुजी शाळेत. आई आत भाकरी थापायलेली, थापण्याचा आवाज मधूनच थांबायचा.

वह्या दिल्या तिनं. माझी फाटकी पावती वहीत घालून ठेवलीय. म्हणाली, सतरा सोडले, सहा ठिकाणी दोन-दोन कापून ठोकले. मी म्हणालो, बरोबर केलं. वह्या काखेत मारल्या. उठलो.

"एक विचारू? मंगळवारी वाचलं, तर मंगळवारीच का न्हाई सांगितलं?"

आत भाकरीचा आवाज थांबला.

"उद्या सांगतो," म्हणालो.

"परत तीन दिवस लावू नका."

रागानं म्हणाली का हसून, घरी येईपर्यंत ठरवता आलं न्हाई. ती जायच्या भीतीनं न्हाई सांगितलं, हे सांगायचं म्हणजे दुसरं सगळंच सांगायचं. मोर्चाचं, त्या चुलीचं. तिच्या वस्तीतलं घर, आमच्या घरातली माणसं. आणि जानेवारीत टपाल आलं आणि ती निघाली, तर मग सांगून तरी… आणि न्हाई निघाली, तर ते माझ्यामुळं?

२० डिसें.

गेलो होतो. गुरुजी ओसरीत. नळ-टाकीवर बोलून परत आलो.

२१ डिसें., सोमवार

रशीदभाईला दुपारनंतर काटा बघ म्हणालो. कुठं चाललास, त्यानं विचारलं न्हाई. अंगावरचा कापूस झटकला. गुरुजी पाचपर्यंत शाळेत असतात. आता साडेतीन.

निघतो.