पांढऱ्या कापडाचा अर्धा तुकडा

१४ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. माझी तीन अर्धवट पत्रं तुझ्या वहिनीला केरात सापडली. आज मला टेबलाशी बसवूनच ती बाहेर गेली.

कारखान्यात इंजिन दुरुस्त होऊन आलं. भट्टीत लाकडाच्या ढलप्या त्याच, आणि त्यातून निघणारा वायू साफ करणाराही कालपर्यंत मीच. पाण्याचा फवारा झाला, भुशाची गाळणी झाली, तरी थोडं डांबर उरतंच. नखांत गेलं की साबणाला दाद देत नाही. तुझ्या जागी आलेला माणूस कष्टाळू आहे, पण त्याला कान नाही. तुला नुसत्या आवाजावरून कळायचं.

त्या दिवसाबद्दल लिहायला बसलो आणि आईच्या गुडघ्याबद्दल लिहिण्यातच शाई घालवली.

आपली रीत तुला ठाऊक आहे. इंजिनाला वायू सोडण्याआधी तपासणीच्या नळावर मी पांढरं कापड दोन मिनिटं धरायचं. तपकिरी डाग पडला तर वायू बाहेर जाळायचा आणि भुसा बदलायचा. कापड स्वच्छ निघालं तर तारीख घालून फळ्यावर टाचायचं, आणि ते पाहून तू वायूचा कॉक उघडायचा. त्या दिवशी भुसा आठवडाभर जुना होता. बदलायचा तर दोन तास फावडं मारायला लागलं असतं. शिवाय माझी गाळणी नऊ दिवस टिकते, अशी फुशारकी मीच सगळ्यांपुढे मारली होती. मी आदल्या दिवशीचं स्वच्छ कापड मधोमध फाडलं आणि अर्ध्या तुकड्यावर नवी तारीख घातली.

दुपारी डांबरानं इंजिनाचे व्हॉल्व्ह चिकटले. चौकशीत फळ्यावरचं कापड पांढरं, म्हणून दोष तुझा ठरला. बाईच्या हाती इंजिन दिल्यावर दुसरं काय होणार, असंही कुणी म्हणालं. मी तोंडातून ब्र काढला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि वर मीच तुला आईसमोर धीर देत होतो. मला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

आज सकाळी साहेबांना सगळ्या पाळीसमोर खरं सांगितलं. मला घरी बसवलंय. तुझ्यावरचा ठपका काढल्याचं पत्र ते तुला पाठवतील, परत कामावर येतेस का तेही विचारतील. ठरव तू. माझ्याकडे बघून ठरवू नकोस. आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तिला लिही."

घर सोडून निघताना दारात तू एवढंच विचारलं होतंस, "दादा, कापड तू स्वतः धरलं होतंस ना?" मी हो म्हणालो होतो.

नव्हतं धरलं, छोटे.

खाली 'दादा' लिहायला आज हात धजत नाही.

तुझा भाऊ