मोकळ्या जागा

लालबाग,
११ ऑगस्ट

हितेंद्र,

तुझा मेसेज मिळाला. उत्तर कागदावर देते आहे. फोनवरचं तू अर्धवट वाचून पुसतोस.

तुझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल. काकूंना नमस्कार सांग. मला हिंदमाताजवळच्या शाळेत नोकरी लागली. पदवीदानाचा फोटो बाबांनी टीव्हीच्या वर लावलाय. येणाऱ्याला आधी तो दाखवतात, मग पाणी विचारतात.

तू लिहितोस, गिरगावातल्या कार्यक्रमाला चाळीतली माणसं घेऊन ये. बाबांच्या ढोलकीच्या रेकॉर्डिंगमध्ये तू आता मोकळ्या जागा ठेवल्या आहेस, तिथे आम्ही पूर्वीसारखं बोलायचं.

पूर्वीसारखं म्हणजे कसं, आठवतं? गणपतीत आरतीआधी बाबा गॅलरीत ढोलकी घेऊन बसायचे. वाजवता वाजवता मध्येच थांबायचे. ज्याला जे दिसलं त्याने ते बोलायचं, बाबा तिथून पुढे वाजवायचे. शेजारच्या शेवंतीकाकी ओरडायच्या, "होडी इली गो! दोर टाका!" की ढोलकीवर दोर ओढला जायचा. रघुदादा म्हणायचा, "साचे सुरू झाले, पळा, नायतर खाडा लागेल!" की गिरणी सुरू. बाबांनी स्वतः साचा, म्हणजे गिरणीतला माग, कधी पाहिला नाही. तो गिरणीत राबलेल्या आजोबांच्या बोटांतून त्यांच्याकडे आला आणि त्यांच्याकडून माझ्याकडे. डोळे मिटले की मलाही गिरणीतलं ते खातं दिसतं, कापसाची धूळ उडताना.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा म्हणालास, "मला काहीच दिसत नाही." काकी म्हणाल्या, "बस हयसर, चाय पी. दिसतला तुका." पुढच्या वर्षी तू रेकॉर्डर घेऊन आलास. बाबांच्या शेजारी तुला जागा मीच करून दिली.

आणि त्या रेकॉर्डिंगमधून तू आमचे आवाज काढून टाकलेस. गोंगाट म्हणालास. नुसती ढोलकी ठेवलीस आणि वर लिहिलंस, 'संकल्पना आणि रचना : हितेंद्र'. विचारलं तर माझंच वाक्य मला ऐकवलंस, "तूच म्हणतेस ना, सूर कोणाच्या मालकीचा नसतो?" अजूनही म्हणते. मग तुझं नाव तिथे कशाला?

हे पुढचं तुला सांगायचं नव्हतं. तुझं रेकॉर्डिंग मी बाबांना ऐकवलं. कोणाचं ते सांगितलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "हात चांगला आहे गो. पण एकटाच दिसतो बिचारा. समोर कोणीच नाही."

स्वतःचे हात त्यांना ओळखू आले नाहीत.

तुमचेच आहेत, असं सांगितलं. त्यांनी उठून ढोलकी खुंटीला लावली. यंदा गणपतीत वाजवणार नाही म्हणाले.

तेव्हा आम्ही येतो. सगळे येतो. पहिली रांग आमच्यासाठी ठेव. पेपरवाले, तुझे मोठे पाहुणे, सगळ्यांना बोलाव. ढोलकी वाजेल, थांबेल आणि सभागृह आमच्याकडे बघेल. काकी ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर हात ठेवून बसतील. होडी त्यांना दिसेल, मला माहीत आहे. पण गणपतीची शपथ घातली आहे मी त्यांना. कोणी तोंड उघडणार नाही. तुझ्या मोकळ्या जागा मोकळ्याच राहतील, एकामागून एक, आणि या वेळी त्या तुला कापता येणार नाहीत.

काकूंनाही आण.

पहिल्या रांगेतून तुझ्याकडे बघणारी,
आकांक्षा गुणाजी परब